तळ्याकाठचं घर, अंगणातली फरशी आणि तलावाची हद्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बावीस वर्षं मी बेळगाव आणि आसपासच्या गावांत घरांचे नकाशे काढतो. वळवाचा पहिला पाऊस पडून गेला की फोन वाढतात. कुणी कणबर्गीकडे प्लॉट बघितलेला असतो, कुणी अनगोळ-मजगाव बाजूला, कुणी हिडकल धरणाच्या पाण्याजवळ फार्महाऊसचं स्वप्न घेऊन येतो, निपाणीहून कुणी विचारतं. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून इथे एकदा नीट लिहून ठेवतो. प्रत्यक्ष बांधायला घ्याल तेव्हा तुमच्या सर्व्हे नंबरला त्या दिवशी लागू असलेला नियम कार्यालयातून लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर पाया खोदू नका.

जागा माझ्या नावावर आहे, उताऱ्यावर माझंच नाव आहे. मग काठापर्यंत बांधायला कोण अडवणार?

मालकी ही एक गोष्ट आणि बांधायची परवानगी ही दुसरी. उतारा सांगतो की जमीन कुणाची. तिच्यावर काय उभं राहू शकतं ते ठरतं 1961 च्या कर्नाटक नगर आणि ग्राम नियोजन कायद्याखाली केलेल्या मास्टर प्लॅनमधून आणि त्याच्या झोनिंग नियमांतून. बेळगाव शहरासाठी हे काम बुडा, म्हणजे नगरविकास प्राधिकरण, बघतं, परवाना महापालिका देते. शिवाय 1964 च्या कर्नाटक जमीन महसूल कायद्याचं कलम 67 सांगतं की खाजगी मालकी सिद्ध झाली नसेल तर तलाव, नाले, ओढे आणि त्यांचं पात्र सरकारचं. त्यामुळे काठाच्या प्लॉटबद्दल दोन प्रश्न विचारावे लागतात. तुमची हद्द संपते कुठे? आणि त्या हद्दीच्या आत किती जागा मोकळी सोडायची?

तलावापासून 30 मीटर म्हणजे नेमके कुठून मोजायचे?

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. कर्नाटकच्या 2014 च्या तलाव संवर्धन कायद्यात तलावाच्या बाहेरच्या हद्दीपासून 30 मीटरपर्यंत बांधकामाला मज्जाव आला. शब्द 'हद्द' आहे, 'पाणी' नाही.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ मला एप्रिलमध्ये जागा दाखवायला घेऊन गेले. पाण्याच्या काठाला टाच लावून त्यांनी पावलं मोजली. एकेचाळीस झाली. "बघा, तीस मीटर सहज सुटतात," म्हणाले. मी मोबाइलवर दिशांक उघडलं. कर्नाटक सरकारचं हे अ‍ॅप तुम्ही उभे असाल तिथला सर्व्हे नंबर नकाशावर दाखवतं. आम्ही दोघं तलावाच्याच सर्व्हे नंबरात उभे होतो. पायाखाली भेगाळलेला गाळ होता, त्यात शिंपल्यांचे तुकडे आणि वाळलेली जलपर्णी. हद्दीचा दगड आमच्या मागे, एका बाभळीच्या बुंध्याशी मातीत अर्धा पुरलेला सापडला. तीस मीटर त्या दगडापासून पुढे मोजायचे होते, म्हणजे त्यांच्या प्लॉटचा निम्म्याहून जास्त भाग त्यात गेला. इसार द्यायचा होता, तो त्यांनी दिला नाही. माणूस थोडक्यात वाचला.

दिशांक अंदाजापुरतं वापरा. पक्की हद्द सरकारी मोजणीदार दाखवेल तीच. तहसीलदार कचेरीतल्या सर्व्हे विभागात अर्ज करून मोजणी करून घ्या, दगड रोवून घ्या, आणि मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा.

कुणी 30 सांगतं, कुणी 75. खरं काय?

75 चा आकडा बेंगळूरच्या प्रकरणातून आलाय. राष्ट्रीय हरित लवादाने 4 मे 2016 रोजी तिथल्या तलावांभोवती 75 मीटर आणि राजकालुव्यांभोवती, म्हणजे मोठ्या नैसर्गिक नाल्यांभोवती, त्यांच्या दर्जाप्रमाणे 50, 35 आणि 25 मीटर सोडायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने 5 मार्च 2019 रोजी तो भाग रद्द केला आणि तिथल्या मास्टर प्लॅनमधले आकडे परत आले: तलावाला 30 मीटर, नाल्यांना मध्यापासून 50, 25 आणि 15. व्हॉट्सअ‍ॅपवर अजून 75 चा निरोप फिरतो.

पुढे ऑगस्ट 2025 मध्ये विधिमंडळाने दुरुस्ती विधेयक मंजूर केलं. त्यात सरसकट 30 ऐवजी तलावाच्या आकाराप्रमाणे अंतर आहे. 1 एकरापर्यंतच्या तळ्याला 3 मीटर (अगदी डबक्याएवढं असेल तर काहीच नाही), 1 ते 10 एकरांना 6, 10 ते 25 ला 12, 25 ते 100 ला 24 आणि त्याहून मोठ्यांना 30. विधेयक मंजूर होणं आणि ते राजपत्रातून अमलात येणं यांत अंतर असतं. म्हणून दलाल "आता तीनच मीटर लागतात" असं सांगू लागला तर त्याच्याकडे राजपत्राची प्रत मागा.

माझं मत विचाराल तर हे आकारावर अंतर ठरवणं मला पटत नाही. आपल्या भागातली बहुतेक गावतळी लहान आहेत. लहान तळ्यात पाणी कमी, त्यामुळे तीन मीटरवरच्या घराची घाण त्याला मोठ्या तलावापेक्षा लवकर मारते. नियम काहीही येवो, मी नकाशा काढताना जमेल तितकं जास्त सोडायला लावतो.

पाणथळ जागांसाठी केंद्राचाही नियम आहे म्हणे?

आहे. 2017 च्या पाणथळ नियमांत ते नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून 50 मीटरपर्यंत पक्कं बांधकाम बंद आहे. पण पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे त्या नियमांतून वगळलेत, आणि आपल्याकडचे पुष्कळ तलाव त्याच कामासाठी बांधलेले. म्हणून आपल्यापुरता राज्याचा कायदा आणि मास्टर प्लॅन जास्त कामाचा.

कागद सगळे कन्नडमध्ये आहेत. कुठले शब्द शोधायचे?

हे दहा मिनिटांत शिकता येतं आणि लाखो रुपये वाचतात. 'केरे' म्हणजे तलाव. 'केरे अंगळ' म्हणजे तलावाचं पात्र, पाणी आटलेलं असलं तरी ते तळंच. 'हळ्ळ' म्हणजे ओढा किंवा नाला, 'कालुवे' म्हणजे पाट. 'कोडी' म्हणजे सांडवा, तलाव भरला की पाणी बाहेर पडतं ती जागा. 'तूबु' म्हणजे तलावाची मोरी. उताऱ्यावर, चतुःसीमेत किंवा गावनकाशावर यातला एक जरी शब्द तुमच्या सर्व्हे नंबराशेजारी दिसला तरी थांबा. कन्नड वाचणाऱ्या शेजाऱ्याला चहाला बोलवा आणि चारी बाजू मोठ्याने वाचून घ्या. चतुःसीमेत पूर्वेला 'हळ्ळ' लिहिलंय आणि जागेवर पूर्वेला डांबरी रस्ता दिसतोय, तर त्या रस्त्याखाली काय गेलंय ते विचारायलाच हवं.

उताऱ्यावर 'ब खराब' 4 गुंठे दाखवलेत. ती जागा कुणाची?

तुमची नाही. 'अ खराब' म्हणजे लागवडीला न येणारी पण खातेदाराकडे असलेली जमीन. 'ब खराब' म्हणजे नाला, वाट, तळं अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली. विकणारा माणूस एकूण क्षेत्र सांगतो, तुम्ही त्यातून 'ब खराब' वजा करून भाव करा. आणि नुसतं क्षेत्र वजा करून भागत नाही, ते नकाशावर कुठे पडतं ते बघा. चार गुंठे जर प्लॉटच्या मधोमध नाल्याच्या रूपात असतील तर घर बसवणार कुठे?

घर मागे घेतो. पण कंपाउंड वॉल, पत्र्याची शेड, गाडीचं छप्पर काठाकडे चालेल ना?

तलावाच्या हद्दीपासून मोकळ्या सोडायच्या राखीव पट्ट्यात तात्पुरतं म्हणून उभं केलेलंही अडचणीत येतं. पत्रा असो की स्लॅब, बांधकाम ते बांधकाम. भिंतीचा तोटा वेगळाच आहे. सलग भिंत पाण्याची वाट अडवते आणि पाणी शेजाऱ्याच्या दारात वळतं. काठाच्या बाजूला तारेचं कुंपण किंवा मेंदीची, निरगुडीची वई पुरते.

अंगण माझं आहे. पेव्हर ब्लॉक घातले तर तलावाचं काय बिघडतं?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा, कारण चूक मी स्वतः केलीय.

आधी हिशोब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. तीन गुंठ्यांचा प्लॉट म्हणजे सुमारे 303 चौरस मीटर. जुलैत एका दिवसात 60 मिलिमीटर पाऊस आपल्याला नवा नाही, म्हणजे तेवढ्या जागेवर 18 हजार लिटर पाणी पडलं. जागा मोकळ्या मातीची, गवताची असेल तर त्यातलं बरंच जिरतं, उरलेलं सावकाश वाहतं. घर आणि फरशी मिळून सगळी जागा झाकली असेल तर 15-16 हजार लिटर पडेल तसं लगेच गेटबाहेर. पाच हजार लिटरचे तीन टँकर एकदम रस्त्यावर ओतल्यासारखं. गल्लीत असे चाळीस प्लॉट असतील तर गुणाकार तुम्हीच करा.

ते पाणी नुसतं येत नाही. गाडीचं तेल, साबणाचं पाणी, कुंड्यांतलं खत, सिमेंटची धूळ घेऊन येतं. खतातला आणि साबणातला फॉस्फरस तळ्यात गेला की शेवाळ आणि जलपर्णी माजते. ती मरून कुजते तेव्हा पाण्यातला प्राणवायू संपतो. मग एके सकाळी मासे पोट वर करून तरंगताना दिसतात आणि लोक म्हणतात, कुणीतरी विष टाकलं. विष आपण सगळ्यांनी थोडं थोडं वर्षभर टाकलेलं असतं.

शहराच्या दुसऱ्या टोकाला काय होतं ते बळ्ळारी नाल्याच्या काठावरच्या शेतकऱ्यांना विचारा. येळ्ळूर, वडगाव, शहापूर शिवारातलं भात नाल्याच्या पाण्याखाली जातं. नाल्यातला गाळ, अतिक्रमणं ही कारणं आहेतच, पण वरच्या बाजूला गेल्या तीस वर्षांत जी माती सिमेंटखाली गेली तिचं पाणीही त्याच नाल्यात उतरतं. ऑगस्ट 2019 चा पूर ज्यांनी बघितला त्यांना जास्त सांगायला नको.

आता माझी चूक. 2011 साली मी स्वतःच्या घरासमोर कडेपासून कडेपर्यंत ब्लॉक बसवले, खाली काँक्रीटचा थर देऊन. चिखल गेला, आई खूश झाली. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या बाजूच्या काकूंच्या स्वयंपाकघरात पाणी शिरलं. त्या भांडायला आल्या नाहीत. पीठ भिजलेला डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "भावजी, आधी कधी असं होत नव्हतं ओ." त्या उन्हाळ्यात मी निम्मे ब्लॉक उखडले.

फरशीवर टक्केवारीची मर्यादा कुठे आहे का?

अमेरिकेत तलावकाठच्या घरांना आहे. विस्कॉन्सिन राज्यात पाण्यापासून 300 फुटांच्या आतल्या प्लॉटवर छप्पर, फरशी, डांबर असं पाणी न जिरवणारं आवरण मूळ नियमाने 15 टक्क्यांपर्यंत ठेवावं लागतं. भरपाईची कामं केली तर 30 पर्यंत जाता येतं. घर पाण्यापासून 75 फूट मागे आणि काठाला 35 फुटांचा झाडोऱ्याचा पट्टा. मिनेसोटात प्लॉटच्या 25 टक्क्यांची मर्यादा आहे. तिथे गॅरेजसमोरची काँक्रीटची पट्टीसुद्धा मोजतात.

आपल्याकडे नकाशा तपासताना मुख्यतः इमारत मोजतात: तिने व्यापलेली जागा, चारी बाजूंचा सेटबॅक म्हणजे सोडायची मोकळी जागा, आणि एफएआर म्हणजे प्लॉटच्या मानाने एकूण बांधकाम. सेटबॅक सोडला की लोकांना वाटतं काम झालं, आणि परवाना मिळाल्यावर त्याच सेटबॅकमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशी येते. कागदावर मोकळी जागा आहे आणि पावसासाठी ती छप्परच आहे. तळ्याच्या पाणलोटातल्या प्लॉटांना अशी मर्यादा आपल्या मास्टर प्लॅनमध्येही यायला हवी असं मला मनापासून वाटतं. नवा प्लॅन हरकती-सूचनांसाठी खुला होतो तेव्हा हे लेखी कळवा, मी दर वेळी कळवतो.

मग चिखलातून जायचं का? गाडी कुठे लावू?

चिखलात कुणी जाऊ नये. गाडीच्या चाकांखाली जांभ्या चिऱ्यांच्या दोन पट्ट्या, दीड-दीड फुटांच्या, आणि मधे गवत. गाडीला एवढंच लागतं. दारापासून गेटपर्यंत शहाबादी फरशीचे सुटे तुकडे, चार बोटं अंतर सोडून, खाली सिमेंट न घालता. बाकी भागावर खडी किंवा लॉन. ब्लॉकच हवे असतील तर जाळीचे घ्या, ज्यांच्या भोकांतून गवत वर येतं, आणि ते वाळूवर बसवा. गवंडी म्हणेल, "साहेब, खाली पीसीसी केल्याशिवाय बसतंय व्हय?" पीसीसी म्हणजे काँक्रीटचा थर. त्याला नीट सांगा की खाली खडी आणि वर वाळू, एवढ्यावर बसव. नुसता मुरूम रोलरने ठोकून घट्ट केला तरी पाणी जिरत नाही, हेही लक्षात ठेवा. वाळूवरच्या ब्लॉकच्या फटी दोन-तीन वर्षांत गाळाने बुजतात, मेमध्ये एकदा साफ करून घ्या.

छपराचं पाणी पाइपने थेट गटारीत सोडू नका. विहीर असेल तर गाळणी बसवून विहिरीत. बेळगावात विहिरींची कमी नाही, 1924 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली टिळकवाडीतली काँग्रेस विहीर अजून उभी आहे. विहीर नसेल तर शोषखड्डा.

शोषखड्डा सगळीकडे चालतो का?

लाल मातीत, जांभ्यात उत्तम चालतो. काळ्या मातीत पाणी तुंबतं, तिथे टाकीत साठवून वापरा. आणि अगदी तळ्याकाठी भूजल पावसाळ्यात हातभर खाली असतं, तिथे खोल खड्डा उलटा भरून वर येईल. तिथे उथळ, पसरट चर काढा.

सेप्टिक टँक काठाच्या बाजूला उतारावर सोयीची पडते.

तुम्हाला सोयीची, तळ्याला नाही. सेप्टिकचा शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान 18 मीटर लांब हवा, हा मानक नियम आहे. तळ्याकडची बाजू सोडून तो प्लॉटच्या वरच्या अंगाला घ्या, थोडा पाइप जास्त लागेल. ड्रेनेज लाइन आली असेल तर तिलाच जोडा.

प्लॉटमधून एक बारका नाला जातो, उन्हाळ्यात कोरडाच असतो. पाइप टाकून वर भराव घातला तर?

नको. तो नाला म्हणजे तळ्याचा घसा. वरच्या तळ्याची कोडी भरली की पाणी त्याच वाटेने खालच्या तळ्यात येतं. पाइपमध्ये एका पावसाळ्यात प्लास्टिक आणि गाळ अडकतो, मग पाणी आपली जुनी वाट शोधतं आणि ती तुमच्या हॉलमधून जाते. कायद्यानेही तलावात येणारं किंवा तलावातून जाणारं पाणी अडवणं गुन्ह्यात मोडतं.

आमचं घर आजोबांच्या काळातलं, काठाला लागूनच. पाडायला लावतील?

आधी मोजणी करून घर कुठे पडतं ते बघा: तलावाच्या हद्दीत, की हद्दीबाहेर पण राखीव पट्ट्यात? दोन्ही वेगळी प्रकरणं आहेत. पट्ट्यात असेल तर जुन्या घरपट्टीच्या पावत्या, जुना परवाना, वीजजोडणीचे कागद जपून ठेवा. कौलं बदलणं, गिलावा करणं ही डागडुजी. पुढे पडवी वाढवणं, मजला चढवणं हे नवं बांधकाम, त्याला परवानगी लागते आणि पट्ट्यात ती मिळायची नाही. तलावाच्या हद्दीतच असेल तर वकिलाकडे जा, माझ्यासारख्या नकाशेवाल्याकडे नव्हे.

ग्रामपंचायतीचा ई-स्वत्तु उतारा आहे. तेवढा पुरेसा नाही का?

तो मिळकतीची नोंद आहे, तलावाच्या पट्ट्यात बांधायची मुभा नाही. एनए (बिगरशेती) आदेश आणि मंजूर लेआउट वेगळे मागा.

बांधून ठेवू, पुढे अक्रम-सक्रममध्ये बसेल.

अक्रम-सक्रम म्हणजे बेकायदा बांधकाम दंड भरून नियमित करायची योजना. या भरवशावर मी लोकांची आयुष्याची कमाई अडकलेली बघितलीय. नगर नियोजन कायद्यातल्या त्या योजनेला सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2017 मध्ये स्थगिती दिली. शिवाय तलाव, तळी, सार्वजनिक जागा यांवरचं अतिक्रमण नियमित करू नये ही न्यायालयाची भूमिका 2001 च्या हिंचलाल तिवारी आणि 2011 च्या जगपालसिंग निकालापासून पक्की आहे. बँकेचं कर्ज मात्र प्रत्येक महिन्याला फेडावंच लागतं.

तळ्यात रात्री डंपरने माती टाकतायत. कुणाला सांगू?

भराव एकदा बसला की काढणं कठीण, म्हणून त्याच दिवशी हलायला हवं. तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढा, दिशांकवर सर्व्हे नंबर बघून घ्या, आणि तहसीलदारांकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या. प्रत तलावाचा ताबा ज्यांच्याकडे आहे त्यांना. 40 हेक्टरपर्यंत लाभक्षेत्र असलेले तलाव पंचायत व्यवस्थेकडे, 40 ते 2,000 हेक्टरवाले लघुपाटबंधारे खात्याकडे, हिडकलसारखी धरणं कर्नाटक नीरावरी निगमकडे. शहरात महापालिका आयुक्तांनाही द्या. दाद लागली नाही तर हरित लवादाचं चेन्नईचं दक्षिण पीठ आहे, पण वादाचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं. एकट्याने सही करू नका, गल्लीतल्या दहा जणांच्या सह्या घ्या. बायकांच्या सह्या जरूर घ्या. पाणी कमी पडलं की धावपळ त्यांचीच होते, आणि त्या मागेही हटत नाहीत.

काठाचा प्लॉट बघायला कुठल्या महिन्यात जावं?

ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, सलग दोन दिवस पाऊस झाल्यावर, चप्पल हातात घेऊन. विकणारा तुम्हाला मार्चमध्ये बोलवेल. जवळच्या शेतातल्या एखाद्या वयस्कर माणसाला विचारा की मोठ्या पावसात पाणी कुठवर आलं होतं. तो हाताने झाड दाखवेल, नाहीतर देवळाची पायरी. त्या जागेचा फोटो काढून ठेवा आणि नकाशा काढायला बसाल तेव्हा तो सोबत आणा.